दिवा का विझत नव्हता

 आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. भाषण दोघींनी मिळून लिहिलंय आणि वाचायचंही वाटून घेतलंय, तेव्हा मध्येच आवाज बदलला तर गोंधळू नका. 'मी' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं, असं घरून ठरवून आलो आहोत. त्याचं कारण शेवटी कळेल.

आमचं घर पुसेगावच्या जवळच्या एका वस्तीवर. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी, तीन पोरं आणि आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई. आत्यांना दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साताऱ्याला न्यावं लागतं. पहाटे निघायचं, वर्धनगडचा घाट उतरायचा, कोरेगावातून साताऱ्याला पोचायचं, चार तास मशीनवर आणि मग परत. पुरुषमाणसांना आठवड्यातून दोन दिवस कामाची सुट्टी कोण देणार? म्हणून आम्ही दोघी गाडी शिकलो. एकीने चालवायची, दुसरीने आत्यांना सांभाळायचं. आत्यांचे पाय सुजतात, त्यामुळे त्या पुढे डावीकडच्या सीटवर बसतात.

जानेवारीतली गोष्ट. उसाचा हंगाम जोरात होता. कोरेगावच्या अलीकडे आमच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या चालल्या होत्या. त्या दिवशी धाकटी चालवत होती. ट्रॅक्टरवाल्याने एकदम ब्रेक मारला. आम्हीही मारला, पण गाडी हळू हळू जाऊन ट्रॉलीच्या मागच्या लोखंडाला टेकलीच. बंपरचा डावा कोपरा फुटला, जाळीला तडा गेला, नंबरप्लेट वाकली. लागलं कुणालाच नाही. आत्या मात्र घाबरून घामाघूम झाल्या. थोरली मागून उतरली, आत्यांचं दार उघडलं, सीट धाडकन पार मागे सरकवलं आणि त्यांना बाहेर काढून सावलीत बसवलं. हे सीटचं लक्षात ठेवा बरं का.

आता धडकेनंतर पहिलं काय करायचं ते सांगतो. किल्ली फिरवायच्या आधी खाली वाकून बघायचं. बंपरच्या मागेच रेडिएटर असतो. तो फुटला असेल तर खाली हिरवं, लाल किंवा गुलाबी पाणी ठिबकतं. तसं दिसलं तर गाडी चालू करायची नाही, कारण पाण्यावाचून इंजिन तापून बसतं आणि किरकोळ खर्चाचं काम मोठ्या खर्चावर जातं. आमच्याकडे ठिबकत नव्हतं. मग गाडी चालू केली. किल्ली फिरवली की समोर सगळे दिवे एकदा लागतात आणि काही सेकंदांत एकेक करून विझतात. त्या दिवशीही तसेच विझले. एक सोडून. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल चेंडू, अशा चित्राचा लाल दिवा तसाच राहिला.

जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "एअरबॅग उघडल्याच नाहीत, म्हणजे खराबच असणार." हे त्याचं चुकलं. एअरबॅग प्रत्येक धक्क्याला उघडत नाही, उघडूही नये. साधारण वीस-पंचवीसच्या वेगाने भक्कम भिंतीवर आदळावं, एवढा जोराचा धक्का समोरून बसला तर ती उघडते. आमचा वेग त्याहून बराच कमी होता. न उघडणं बरोबरच होतं. पण दिवा लागून राहणं बरोबर नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिव्यांच्या रंगाचं एक सांगून पुढे जातो. हिरवा आणि निळा म्हणजे नुसती माहिती, अमुक चालू आहे एवढीच. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे गंभीर. त्यातही तेलाच्या कॅनचा आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. एअरबॅगचा दिवा लागला तर गाडी चालते, ब्रेक लागतो, सगळं नेहमीसारखं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की एअरबॅगच्या यंत्रणेला स्वतःतच काहीतरी दोष सापडला आहे. मग मोठी धडक झाली तर त्या उघडतीलच असा भरवसा नाही. आणि क्वचित नको तेव्हा उघडण्याचाही धोका असतो.

त्या दिवशी आम्ही बेतानं साताऱ्याला पोचलो, आत्यांचं डायलिसिस झालं आणि संध्याकाळी घरी आलो. मग घरातलं बोलणं सुरू झालं. कुणी ओरडलं नाही, पण "आता काही दिवस भाड्याची गाडी करू" असं भाऊजी म्हणाले, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. भाड्याच्या गाडीला आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला आठ-नऊ. त्यात औषधं, इंजेक्शनं. कुठून आणायचे पैसे? चार दिवसांत ते बोलणं आपोआप मागे पडलं आणि आपलीच गाडी पुन्हा निघाली. पण धाकटीने स्टिअरिंगला हात लावणं सोडलं. थोरली चालवायची आणि समोर तो लाल दिवा. आत्याच म्हणायच्या, "बाई, तो डोळा वटारून बघतोय माझ्याकडं."

आठवडाभराने गावाजवळच्या एका गॅरेजात गाडी दिली. इथे विम्याचा प्रश्न आला. क्लेम करायचा का? विम्यात वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की ती सूट जाते. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या वस्तू, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. झिरो डेप घेतलं असेल तर ती कापत नाहीत. आम्ही कागदावर हिशेब मांडला. बंपर आणि जाळीचा खर्च जाणाऱ्या सुटीच्या आसपासच होता, म्हणून खिशातूनच करायचं ठरवलं. तुमचा हिशेब वेगळा निघेल. पण मांडून बघा, आणि गाडी खोलायच्या आधी मांडा. क्लेम करायचाच असेल तर आधी कंपनीला कळवावं लागतं, काम झाल्यावर नाही.

मिस्त्रीने बंपर बदलला. दिव्याचं विचारलं तर त्याने आपला छोटा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावला आणि म्हणाला, "वहिनी, काहीच दोष दाखवत नाही." मग म्हणाला, "पुढून ठोकलीय म्हणजे पुढचा सेन्सरच गेला असणार." आम्हालाही ते पटलं. ठोकली पुढून, तर बिघाडही पुढेच, यात न पटण्यासारखं काय होतं? सेन्सर बदलला. सेन्सर आणि मजुरी मिळून चार हजारांच्या वर गेले. किल्ली फिरवली आणि दिवा विझला! येताना आम्ही पेढे घेतले, खरंच.

शनिवार, रविवार, सोमवार दिवा विझलेला. मंगळवारी पहाटे आत्यांना बसवलं, किल्ली फिरवली आणि लाल दिवा पुन्हा हजर.

परत गॅरेजात गेलो. मिस्त्रीने पुन्हा स्कॅनर लावला, पुन्हा काही नाही. तेव्हा तो हळूच म्हणाला, "हा दिवा असाच छळणार. मीटर खोलतो आणि दिवाच बंद करून टाकतो. तीनशे रुपये द्या. गाडी चालायला काही अडत नाही." खोटं कशाला सांगू, आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि 'हो' म्हणायच्या बेतात होतो. पंधरा दिवस तो दिवा आमच्या घरात भांडण होऊन बसला होता. तो दिसेनासा झाला असता तर धाकटीवरचा ठपका पुसला गेला असता, असं वाटत होतं. आत्या गाडीतच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा घालवतोय की दुखणं घालवतोय, ते विचारा त्याला. माझ्या किडनीचा रिपोर्ट फाडला असता तर मी बरी झाली असते का?"

आम्ही गाडी वळवली.

मैत्रिणींनो, हे तीनशे रुपयांचं काम अनेक ठिकाणी होतं. कुणी दिवा काढतं, कुणी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतं म्हणजे दोन्ही बरोबर लागतात आणि विझतात. त्यामुळे जुनी गाडी घ्यायला गेलात तर किल्ली फिरवून आधी बघा. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला काही सेकंद लागलाच पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही, तर ती गाडी निर्दोष नाही, तिचं तोंड बांधलेलं आहे असं समजा.

घरी आल्यावर आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागलो. तारीख, कोण चालवतंय, पुढे कोण बसलंय, दिवा लागला की नाही. फार काही हुशारी म्हणून नाही, आत्यांचा बीपी आणि वजन आम्ही रोज लिहितोच, त्याचीच सवय. मंगळवारी लागला. बुधवारी लागला. गुरुवारी थोरली डावीकडे बसली, पाय पुरत नाहीत म्हणून तिने सीट पुढे ओढलं, आणि पुढच्या वेळी किल्ली फिरवली तर दिवा नाही! शुक्रवारी आत्यांसाठी सीट मागे नेलं आणि दिवा हजर. शनिवारी वही बघता बघता धाकटीच म्हणाली, "अक्का, हा दिवा ट्रॉलीला ओळखत नाही, हा सीटला ओळखतो."

अंगणात गाडी उभी करून बघितलं. सीट पुढे, किल्ली बंद करून चालू केली, दिवा विझला. सीट पार मागे, पुन्हा बंद-चालू, दिवा लागला. तीनदा केलं, तीनदा तसंच. गॅरेजात दिवा का विझला होता तेही आता कळलं. काम करणाऱ्या पोराने आत शिरताना सीट पुढे सरकवलं असणार. विझवला सीटने आणि पैसे घेतले सेन्सरने.

आम्ही स्वतः सीटखाली हात घातला नाही. का, ते पुढे सांगतो. साताऱ्याच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये वेळ घेतली. आत्या मशीनवर होत्या त्या चार तासांतच काम करून घेतलं. तिथल्या माणसाला आम्ही वही दाखवली. त्याने ती नीट वाचली, आणि मग आपला मोठा स्कॅनर लावला. त्याने समजावलेलं असं. गाडीच्या दोषांचे कोड चार प्रकारचे असतात. पी-पासून सुरू होणारे इंजिन आणि गिअरचे, सी-पासूनचे ब्रेक आणि चाकांकडचे, बी-पासूनचे बॉडीचे, त्यातच एअरबॅग येते, आणि यू-पासूनचे गाडीतल्या यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याचे. साधे छोटे स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. म्हणून आमच्या मिस्त्रीला 'काहीच दोष नाही' असं दिसत होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या हातातलं यंत्र तेवढंच वाचत होतं.

मोठ्या स्कॅनरवर बी-चा कोड आला. डाव्या सीटच्या बाजूच्या एअरबॅगची वायर मधूनच तुटते आहे, असा त्याचा अर्थ. पुढच्या सेन्सरचं नावसुद्धा नव्हतं. आमच्या गाडीत सीटच्या पाठीच्या बाजूलाही एअरबॅग आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्याने बॅटरीची वायर काढली आणि काही मिनिटं नुसता थांबला. यंत्रणेत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग सीटखाली बॅटरी घातली. तिथे पिवळ्या रंगाचा कपलर होता, अर्धा निसटलेला. आणि त्याच्या वायरीत अडकला होता आत्यांच्या पिशवीचा बंद. रिपोर्टांची, टॉवेलची, डब्याची ती पिशवी आम्ही नेहमी सीटखाली कोंबायचो. धडकेनंतर घाईत सीट मागे ढकललं तेव्हा बंदाने वायर ओढली आणि कपलर निसटला. सीट पुढे असलं की तो कसाबसा टेकायचा, मागे गेलं की वायर ताणून सुटायचा.

कपलर पुन्हा बसवला, त्याची खिट्टी लागली का बघितलं, वायर ताण बसणार नाही अशी बांधली, कोड पुसला. मग सीट पुढे-मागे करून किल्ली फिरवून फिरवून बघितलं. नऊशे रुपयांच्या आत काम झालं.

आता पिवळ्या वायरीबद्दल. गाडीत पिवळी वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा असतो. त्याला हात लावायचा नाही. टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटरने तपासायचा नाही. त्या वायरीच्या टोकाला छोटी दारू असते, थोड्याशा विजेने ती पेटते आणि एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते. त्यावर कुणी वाकलेलं असेल तर काय होईल, सांगायला नको. म्हणूनच आम्ही सीटखाली हात घातला नव्हता. बघणं, लिहून ठेवणं, सीट सरकवून पाहणं आपलं काम. खोलणं जाणकाराचं काम.

त्या माणसाने आमच्या गाडीत आणखी चार गोष्टी दाखवल्या. एक, आम्ही हौसेने शिवून घेतलेलं जाड सीट कव्हर. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधं कव्हर तिला अडवतं. त्या जागी उसवेल असं शिवलेलं कव्हरच चालतं. दोन, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती आणि अत्तराची बाटली. त्याच्याखालीच एअरबॅगचं झाकण आहे. उघडली तर ते सगळं आत्यांच्या तोंडावर येईल. गणपती आता मधे, एअरबॅगच्या वाटेतून दूर बसलेत. तीन, गावातल्या मिस्त्रीने 'पुन्हा बंपर फुटायला नको' म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवायचं सुचवलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने असे गार्ड रोखायला राज्यांना कळवलेलं आहे. गार्ड लावला की धक्का गाडीला वेगळ्या तऱ्हेने पोचतो आणि एअरबॅगचा अंदाज चुकू शकतो. पायी चालणाऱ्यालाही तो जास्त लागतो.

चौथी गोष्ट पट्ट्याची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आत्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. तिथे दाब नको म्हणून त्या पट्टा काखेखालून घ्यायच्या. आम्ही बघत होतो आणि गप्प होतो. काखेखालून घेतलेला पट्टा धडकेत बरगड्यांवर बसतो. आणि एअरबॅग पट्ट्याला मदत म्हणून असते, पट्ट्याऐवजी नाही. पट्टा नसेल तर माणूस उघडणाऱ्या एअरबॅगवर आधीच जाऊन आदळतो. आम्ही डॉक्टरांना विचारलं. पट्टा खांद्यावरून घ्यायचा, हात पट्ट्याच्या बाहेर मोकळा मांडीवर ठेवायचा, दंडावर काही दाबत नाही ना बघायचं. आत्या आता तसाच लावतात आणि आम्हालाही विचारतात, "तुम्ही लावला का गं?"

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या प्रत्येक मोटारीत चालवणाऱ्यासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरच्या गाडीत ती आहे. आज गाडीत बसाल तेव्हा किल्ली फिरवून मनात पाच-सात मोजा आणि तो दिवा विझतो का बघा. नाही विझला तर आधी सीटखाली काही कोंबलंय का ते नजरेने बघा. कधी लागतो, कधी नाही, लिहून ठेवा. एअरबॅगचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड बघून घ्या, तो कागदावर उतरवून घ्या, आणि मगच वस्तू बदलायला 'हो' म्हणा. कोड न वाचता सेन्सर बदलायला आम्ही दिलेले चार हजार म्हणजे आमची फी समजा, तुम्ही ती पुन्हा भरू नका.

आणि 'आम्ही' का म्हणत होतो, ते. ट्रॉलीला गाडी लागली धाकटीच्या हातून. सीट ढकललं थोरलीने. पिशवी दोघींनी कोंबली. पंधरा दिवस बोल मात्र एकीनेच घेतला. दुरुस्तीचा कागद घरी आणला त्या रात्री थोरलीने तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला, पिशवीच्या बंदासकट. पुढच्या फेरीचा दिवस उजाडला. गाडीची किल्ली धाकटीच्या ताटाशेजारी ठेवलेली होती. कुणी ठेवली, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. आत्या पुढे बसल्या, पट्टा लावला, समोरचे दिवे लागले आणि सगळे विझले.

आत्या म्हणाल्या, "चला."

आमचं बोलणं इथे संपवतो. घाटात सावकाश या-जा करा.